काळुरामदादाची जीभ

काळुरामदादाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो आमच्या प्लांटमधल्या नळाखाली ओंजळ धरून उभा होता, आणि मी त्याच्यावर खेकसलो होतो.

"ओ दादा! ते प्यायचं पाणी नाही, मशीनचं आहे!"

त्यानं तोंडातला घोट या गालातून त्या गालात फिरवला, बाजूच्या गटारात थुंकला आणि म्हणाला, "कळला सायेब. याच्यात कायच नाय. मेलेलं पानी हाय ह्ये."

मला ते फार आवडलं. ते पाणी आम्ही मुद्दाम तसं करतो. नदीचं पाणी गाळायचं, पुन्हा गाळायचं, त्यातल्या क्षाराचा कण न् कण काढायचा आणि मग ते यंत्राला पाजायचं. मला पुस्तकं वाचून जे कळलं ते हा मनुष्य एका घोटात सांगून मोकळा झाला. पण मी पडलो साहेब! कौतुक कसलं करतोय. "बरं बरं, लागा कामाला," एवढंच म्हणालो.

मी दिनानाथ, रोह्याचाच. केमिकलचा डिप्लोमा केला आणि वीस वर्षं धाटावच्या एमआयडीसीत काढली. डोकं तापट, तोंड त्याहून तापट. माझ्या हाताखालची माणसं माझ्यामागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. म्हणोत. पण घाबरट मला कुणी म्हणत नाही, आणि नेमका तोच शब्द मला लागू पडतो. हे सांगायलाच बसलोय.

आमच्या कारखान्याला हायड्रोजन लागतो. आधी तो लांबून ट्रकवर सिलिंडर भरून यायचा. मग मालकांनी ठरवलं की आपला हायड्रोजन आपण बनवायचा, तोही उन्हाच्या विजेवर, धूर न करता. पेणकडे खाडीलगत काही मिठागरं ओस पडली होती. ती भाड्यानं घेतली, तिथे सोलर पॅनल उभे केले आणि ती वीज इकडे धाटावला आणली. त्या विजेनं इथे पाणी फोडायचं. हायड्रोजन एका नळीतून, ऑक्सिजन दुसऱ्या नळीतून. सूर्य वर आला की आमचा प्लांट चालू, कलला की बंद. छोटासाच प्रयोग होता, पण जमला तर दहापट मोठा करायचा असं वरचे लोक बोलत होते.

ज्यांची मिठागरं घेतली त्यांच्यातल्या घरटी एकाला कंत्राटी काम द्यायचं कबूल केलं होतं. काळुरामदादा त्यातला. जिते स्टेशनावरून आत खाडीकडे गेलं की त्याचं गाव. वय साठीच्या आसपास, अंगानं काटक, टाचा मिठानं कायमच्या फाटलेल्या. बूट घालताना त्याला त्रास व्हायचा, पण सेफ्टी म्हणजे सेफ्टी. पाण्याच्या टाक्यांची देखभाल त्याच्याकडे दिली होती.

त्याच्या बापाचं नाव कान्हू. लहानपणी बाप त्याचं बोट वाफ्यातल्या पाण्यात बुडवायचा, मग तेच बोट त्याच्या तोंडात घालायचा आणि विचारायचा, "कवा धरंल?" म्हणजे मीठ कधी धरेल. चुकलं की डोक्यात टपली. असं करत करत बाराव्या-तेराव्या वर्षी तो पाण्याचा थेंब जिभेवर ठेवून सांगायला लागला की उद्या दुपारी मीठ धरणार की परवा सकाळी. गावात त्याच्या जिभेचं आणखी एक काम होतं. खाडीच्या उधाणानं बांधाला खांड गेली की खारं पाणी भातशेतीत घुसतं. खांड बुजवली तरी पावसानं ते खारेपण धुऊन जाईपर्यंत थांबावं लागतं. घाईत लावलेलं रोप जळतं आणि फार थांबलं तर लावणीचा हंगाम जातो. अशा वेळी काळुरामदादा शेताशेतातून फिरायचा, ओंजळ भरून चाखायचा आणि म्हणायचा, "लावा," नाहीतर "थांबा." अख्खं गाव त्याच्या त्या एका शब्दावर चिखलात उतरायचं.

हे तो मला जेवणाच्या सुट्टीत सांगायचा. पॅनलबद्दल त्याचा राग नव्हता. "ऊन तेच हाय सायेब. आमी त्याच्यावर मीठ पिकवायचो, तुमी वीज पिकवताव." मी हसून मान डोलवायचो आणि त्याच्या डब्यातला सुकट-भात खायचो. त्याच्या बायकोच्या, पुतळीच्या हातचं सुकट म्हणजे काय विचारता!

आता मीटरचं सांगतो. पाण्याच्या लाइनीवर एक मीटर आहे. पाण्यात थोडा जरी क्षार राहिला तरी त्याचा आकडा चढतो, भोंगा वाजतो आणि यंत्राकडे जाणारं पाणी आपोआप बंद होतं. बंद होऊ द्यायचं नसेल तर एक किल्ली फिरवावी लागते. ती फक्त शिफ्ट इनचार्जकडे, म्हणजे माझ्याकडे.

डिसेंबरात एका सकाळी भोंगा वाजला. मीटरमध्ये हवेचा बुडबुडा अडकला की असं होतं. आकडा वरखाली नाचतो. मी वैतागलो होतो. म्हटलं, "काळूदादा, तुम्हीच बघा हो चाखून, हे मीटर साफ खोटारडं आहे!" मी चेष्टेत बोललो होतो. त्यानं ती चेष्टा धरलीच नाही. हात धुतले, चूळ भरली, ओंजळ धरली, डोळे मिटून घोट घोळवला. "गोडं हाय सायेब." मी किल्ली फिरवली. थोड्या वेळानं बुडबुडा निघून गेला, आकडा खाली आला आणि सगळ्या प्लांटनं टाळ्या पिटल्या. "मीटर खोटं, काळूदादा खरा!"

मग तो शिरस्ताच पडला. पुढच्या दोन महिन्यांत तीनदा भोंगा वाजला, तीनदा त्यानं चाखलं, तीनदा बुडबुडाच निघाला. रजिस्टरमध्ये 'पाणी तपासले, ठीक' असं लिहून सही करावी लागते. मी म्हटलं, "ज्यानं चाखलं त्यानं सही ठोकायची." हीसुद्धा चेष्टाच. त्यानं पेन घट्ट धरून, एकेक अक्षर उभं करत 'काळुराम' लिहिलं. त्या दिवसापासून त्यानं तंबाखू सोडली. चाळीस वर्षांची तंबाखू! का, तर जीभ साफ पाहिजे. पुतळीवहिनी गावात सांगायची म्हणे, "आमच्यांच्या सहीबिगर कंपनीची मशीन चालू होत नाय."

आणि मला ठाऊक होतं. सगळी गोम इथेच आहे. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं की त्या यंत्राला बाधेल एवढा क्षार कुठल्याही माणसाच्या जिभेला कळणं शक्य नाही. हजार लिटरच्या टाकीत चिमूटभर मीठ पडलं तरी त्या यंत्राला जड जातं. जिभेला कळायला त्याच्या हजारपट मीठ लागतं. हे मी परीक्षेला लिहून आलोय. पण त्याला सांगितलं नाही, कारण गंमत चालली होती. आणि खरं म्हणजे सोय चालली होती.

मार्चमध्ये मोठे पाहुणे येणार होते, दोन दिवसांसाठी. प्लांट चालू दिसला की मोठ्या प्लांटचं ठरणार, असं मला तीनतीनदा बजावलं होतं. पहिल्या दिवशी सकाळी पाहुण्यांच्या गाड्या गेटवर आल्या आणि इकडे भोंगा. मी धावत मीटरपाशी गेलो. एकच्या आत राहायला हवा तो आकडा आठ. नाचत नव्हता, एकसारखा चढत होता. बुडबुडा नव्हता तो. पाणी शुद्ध करणारा टाकीतला मसाला संपत आला होता, आणि तो पुन्हा तयार करायचा म्हणजे अख्खा दिवस प्लांट बंद. मला हे अर्ध्या मिनिटात समजलं. तरी मी काळुरामदादाला हाक मारली.

"काळूदादा, चाखा."

त्यानं चाखलं. माझ्या तोंडाकडे पाहून पुन्हा एकदा चाखलं. "गोडं हाय सायेब."

"नक्की?"

"नक्की."

'नक्की?' असं विचारलं मी त्याला! निर्लज्जपणाचीही काही हद्द असते. मी किल्ली फिरवली, त्यानं सही केली. दोन दिवसांत सकाळ-दुपार मिळून चार वेळा त्यानं चाखलं आणि चार सह्या केल्या. पाहुणे खूश होऊन गेले, मोठे साहेब माझ्या पाठीवर थाप मारून गेले. तिसऱ्या दिवशी यंत्रानं मान टाकली. त्याच्या आत पडदे असतात, पातळ, परदेशातून आलेले. ते सगळे क्षारानं खराब झाले होते. नशीब, कुणाला इजा झाली नाही. पण प्लांट बंद, आणि धाटावच्या रस्त्यावर पुन्हा सिलिंडरचे ट्रक.

चौकशीला तीन अधिकारी बसले होते. "मीटर वाजत असताना पाणी चालू का ठेवलंत?"

मी म्हणालो, "पाणी ठीक असल्याचं सांगण्यात आलं होतं, सर."

असलं बोलणं माणसाला एरवी सुचत नाही. अंगावर शेकायला लागलं की बरोबर सुचतं. रजिस्टर उघडलं गेलं. माझी सही कुठेच नव्हती. काळुरामदादाला बोलावलं. तो बूट काढून आत आला, आणि तिथल्या एकानं "बूट घालून या" म्हटल्यावर परत जाऊन घालून आला.

"हे तुम्ही तपासलंत?"

"व्हय सायेब. मीच चाखला. माझ्या जिभेनं दगा दिला." मग त्यानं माझ्याकडे बोट केलं, वाटलं, बुडालो. पण तो म्हणाला, "दिनानाथसायबांचा कायबी दोष नाय. त्यांनी इश्वास टाकला माझ्यावर."

मी टेबलाच्या काचेकडे बघत राहिलो. एक वाक्य बोलायचं होतं. 'साहेब, जिभेला हे कळणंच शक्य नाही आणि मला ते ठाऊक होतं.' नाही बोललो. घराचे हप्ते, मुलीचं कॉलेज, लोक काय म्हणतील, सगळं डोळ्यांसमोर नाचलं आणि मी मूग गिळून बसलो. काळुरामदादाचं काम त्याच दिवशी सुटलं. मला तोंडी समज मिळाली. दिवाळीत नवीन यंत्र आलं आणि त्याच्यावरही इनचार्ज मीच.

जाताना त्यानं हेल्मेट आणि हातमोजे गेटवर जमा केले. मी तिथेच होतो. म्हणाला, "माझ्यापायी तुमाला खाली बघाया लागला सायेब. माफी करा." आणि मी काय म्हणालो? "असू द्या." मोठ्या मनानं! आजही ते दोन शब्द आठवले की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

हे सगळं मी गिळून टाकलं असतं. माणूस काय काय पचवतो! पण आमच्याकडे हिरामण नावाचा फिटर आहे, काळुरामदादाच्या शेजारच्या गावचा. त्याच वर्षी ऑगस्टच्या उधाणात तिकडच्या बांधाला खांड गेली, त्यानंतर एकदा चहा पिताना तो सहज म्हणाला, "साहेब, आपल्या काळूदादाचं काय ऐकलंत का? तो शेतात उतरायला तयार नाही. लोकांनी हातापाया पडून सांगितलं. म्हणतो, माझी जीभ मेली. कंपनीची एवढी मशीन मारली, आता तुमचं भात मारू काय?"

"मग?" मी विचारलं.

"मग काय, ज्यानं त्यानं अंदाजानं लावलं. काहींचं जगलं. त्याच्या शेजारची कृष्णाबाई आहे ना, एकटी बाई, तिच्याकडे शेवटची रोपं उरलेली. दोन दिवस त्याच्या दारात बसून होती, 'काळूभाव, एकदा चाखून सांग' म्हणत. तो घराबाहेर आला नाही. शेवटी तिनं लावून टाकलं. आठ दिवसांत सगळं शेत तांबडं."

हिरामणला मी काय म्हणालो असेन? "तो वॉल्व्ह गळतोय, बघ जरा." असं म्हणालो.

त्यानंतर मी दर रविवारी जायचं ठरवत होतो. गणपती होऊ दे. दिवाळी होऊ दे. नवीन यंत्र एकदा बसू दे. मुलीची परीक्षा. असं करत वर्ष काढलं मी, वर्ष! हिरामणकडून अधूनमधून कळायचं की काळुरामदादा हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींना पांढरा हात मारायला जातो. तिथे जिभेचं काम नाही.

यंदा जुलैत एका रविवारी दुपारी मोटरसायकल काढली. पेण सोडलं आणि परत फिरावंसं वाटलं. फिरलो नाही, एवढीच काय ती माझी बहादुरी.

तो ओटीवर बसला होता. मला पाहून धडपडत उठला. "आवो सायेब! तुमी? अगो पुतळे, कोण आलंय बघ! चा टाक गो!" त्याला खरोखर आनंद झाला होता, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वहिनीनं चहा आणला. तो ग्लास तोंडाला लावण्याआधी तिला म्हणाला, "साखर हाय ना बरोबर?" ती माझ्याकडे वळून म्हणाली, "असा करतात बघा सायेब. कालवणात मीठ किती तेबी मलाच इचारतात. मी सांगितला तरी जेवताना घाबरत घाबरत घास घेतात."

मी चहा खाली ठेवला. सगळं पाठ करून गेलो होतो, पण तोंडातून कसंबसंच बाहेर आलं. "काळूदादा, तुमच्या जिभेला काही झालेलं नाही. हजार लिटरच्या टाकीत चमचाभर मीठ टाकलं तर तुम्हाला कळेल?"

"चमचाभर? हजार लिटरात? कसा कळंल?"

"कुणालाच कळणार नाही. त्या दिवशी पाण्यात तेवढंच मीठ होतं. मशीनला तेवढं पुरतं मरायला. तुम्ही गोडं म्हणालात ते बरोबरच होतं. जगातल्या कुठल्याही माणसानं गोडंच म्हटलं असतं."

तो उठून आत गेला. आतून डबा उघडल्याचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा बोटाला मीठ लागलेलं होतं आणि तो ते हळूहळू चघळत होता. "म्हंजे माझी जीभ…"

"शाबूत आहे दादा. पहिल्यापासून शाबूत आहे."

वहिनीनं पदर तोंडाला लावला. तो हसला, मोठ्यानं, लहान पोरासारखा, आणि माझा हात धरून म्हणाला, "आरं बापरे! आन् मी दीड वरीस…" मलाही हुंदका आला. क्षणभर वाटलं, सुटलो. आता उठावं, गाडीला किक मारावी आणि घरी जावं.

पण तो हसता हसता थांबला. माझा हात सोडला.

"सायेब, ह्ये तुमाला कवा कळला?"

खोटं बोलता आलं असतं. 'परवाच कळलं' म्हटलं असतं तर त्यानं मला आणखी एक चहा पाजला असता. मी म्हणालो, "आधीपासून ठाऊक होतं."

"मी चाखायच्या आधी?"

"हो."

"मंग मला चाखाया कशाला सांगितलंत?"

उत्तरही त्यानंच दिलं, "सहीसाठी. व्हय ना?"

"व्हय," मी म्हणालो.

मला वाटलं, आता शिव्या घालेल. घालायलाच हव्या होत्या. त्यानं बायकोला सांगितलं, "अगो, कृष्णाबायला हाक मार. लोकांच्या लावणीवरनं आली असंल, तिचा शेत अजून पडूनच हाय."

कृष्णाबाई आली. वाकलेली म्हातारी, पोटऱ्यांपर्यंत चिखल. ओटीच्या कडेला बसली आणि कोण पाहुणा म्हणून माझ्याकडे बघायला लागली. काळुरामदादा म्हणाला, "आता सांगा सायेब. मला सांगितलंत तसाच. पहिल्यापास्नं."

मी पुन्हा सांगितलं. पहिल्या वेळी मला निदान एवढं वाटत होतं की मी याला काहीतरी परत देतोय. या बाईला द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं. मीटर, किल्ली, पाहुणे, चार सह्या, चौकशी, सगळं सांगितलं. तिला त्यातलं किती समजलं कोण जाणे. माझं संपल्यावर तिनं काळुरामदादाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हंजे हा दारामागं लपून बसला तवा तुमाला ठाऊक होता?"

"हो."

"आन् तुमी अजून तितंच कामाला हाव?"

"हो," मी म्हणालो.

"बरा," ती म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. काळुरामदादाही उठला. "चल कृष्णे, तुझ्या शेतातला पानी बघू," असं म्हणून तो माझ्याकडे न बघता तिच्यामागून बांधावर उतरला.